रायमी यांच्या ‘स्पायडर-मॅन’मधले खलनायक अजून का आठवतात?

सॅम रायमी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘स्पायडर-मॅन’ मालिकेतील (२००२, २००४ आणि २००७) खलनायकांविषयी जुने चाहते इतक्या जिव्हाळ्याने बोलतात, ते त्या पात्रांच्या गुणांमुळे की हे चित्रपट लहानपणी पाहिले म्हणून, असे आपण विचारले आहे. याच खलनायकांना परत आणणारा २०२१ चा ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ पाहिल्यानंतर आपण हे तिन्ही चित्रपट प्रथमच पाहिलेत आणि त्यांतले काही संगणकीय चित्रण आपल्याला जुनाट वाटले, असेही आपण लिहिले आहे. लहानपणाचा वाटा यात आहे, हे मान्य करायलाच हवे. पहिला चित्रपट अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच ११ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता आणि एकाच आठवडाअखेरीस १० कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला चित्रपट ठरला होता. तेव्हा तो कोवळ्या वयात पाहिलेल्यांची पिढीच मोठी आहे. परंतु हे चित्रपट वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहिल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की या खलनायकांची घडणच निराळी होती आणि ती कोणत्याही वयात पाहिली तरी जाणवते.

पीटर पार्करचे, म्हणजे स्पायडर-मॅनचे, दोन मुख्य शत्रू त्याला प्रथम भेटतात ते वडीलधारे म्हणून. नॉर्मन ऑस्बॉर्न हा त्याच्या जिवलग मित्राचा बाप आहे. शाळेच्या सहलीच्या वेळी विद्यापीठाच्या दारात दोघांची ओळख होते, तेव्हा आपणही थोडेफार शास्त्रज्ञ आहोत, असे नॉर्मन कौतुकाने म्हणतो आणि पीटरने आपले संशोधन वाचले आहे, हे ऐकून खूश होतो. हे वाक्य पुढे मीम्समधून जगभर फिरले आणि २०२१ च्या चित्रपटात मुद्दाम पुन्हा वापरले गेले. त्यामुळे आज ते ऐकताच प्रेक्षक हसतात. पण मूळ प्रसंगात ते विनोदासाठी नव्हतेच. बाप नसलेल्या मुलाला एक मोठा माणूस त्या वाक्याने बरोबरीचा मान देतो आणि शेजारी उभ्या असलेल्या हॅरीला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, तो मान कधीच मिळालेला नसतो. पुढच्या सगळ्या कथेचे बीज त्या दोन मिनिटांत आहे.

नॉर्मनचे अधःपतनही टप्प्याटप्प्याने दाखवले आहे. लष्कराचे कंत्राट हातून जाण्याची वेळ येते, म्हणून तो अर्धवट तपासलेले रसायन स्वतःवर वापरतो. नंतर त्याचेच संचालक मंडळ त्याला कंपनीबाहेर काढते. त्यानंतरचा आरशाचा प्रसंग नॉर्मन साकारणाऱ्या विलेम डफो यांनी केवळ चेहरा आणि आवाज यांच्या बळावर उभा केला आहे. आलिशान घरात कोणाचा तरी आवाज येतो, नॉर्मन भेदरून शोधत फिरतो आणि शेवटी आरशासमोर येऊन थांबतो. आरशाबाहेरचा माणूस गयावया करतो आहे आणि आरशातला त्याच माणसाच्या तोंडाने त्याला समजावतो आहे की जे घडले ते तुझ्याच मनात होते. एक नट, दोन स्वर, आणि मुखवटा कुठेही नाही. गॉब्लिनचा, म्हणजे नॉर्मनच्या खलनायकी रूपाचा, तो न हलणारा हिरवा मुखवटा मला कधीच पटला नाही, कारण त्याने इतक्या बोलक्या चेहऱ्याच्या नटाला झाकून टाकले. ‘नो वे होम’मध्ये नॉर्मन तो मुखवटा सुरुवातीलाच फोडून टाकतो, तेव्हा जुन्या चाहत्यांची एक तक्रार निकालात निघाली.

दुसऱ्या चित्रपटातील ओटो ऑक्टेव्हियस हे या मालिकेतील सर्वांत पूर्ण पात्र आहे, असे मी मानतो. पटकथा आल्व्हिन सार्जंट यांची आहे आणि तिने या माणसाला खलनायक होण्याआधी पुरेसा अवकाश दिला आहे. पीटर त्याच्याकडे जेवायला जातो, तेव्हा त्याची पत्नी रोझी सोबत असते. दोघांची भेट कशी झाली, तिला साहित्य आणि त्याला विज्ञान कसे प्रिय होते, याच्या गप्पा होतात. पीटर हुशार आहे पण आळशी आहे, असे त्याच्या प्राध्यापकांकडून ऐकल्याचे ऑक्टेव्हियस सांगतो आणि पीटर उत्तरतो की तो सुधारण्याचा प्रयत्न करतो आहे. बुद्धी ही देणगी आहे, ती माणसांच्या भल्यासाठी वापरायची असते, हे ऑक्टेव्हियस त्याला मनापासून सांगतो. मग प्रयोगाच्या दिवशी यंत्र आवरेनासे होते, फुटलेल्या काचांनी रोझीचा जीव जातो आणि त्याच्या पाठीला जोडलेल्या चार यांत्रिक भुजांना ताब्यात ठेवणारी मानेवरची चिप जळून जाते. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी चित्रकथेत आणलेला मूळ डॉक्टर ऑक्टोपस, म्हणजे हाच ऑक्टेव्हियस, बराच अहंकारी आणि एकेरी होता. त्याला घर, संसार आणि वियोगाचे दुःख चित्रपटाने दिले.

त्यानंतर रुग्णालयाचा प्रसंग येतो. तो कृपया एकदा शांतपणे पुन्हा पाहावा. ऑक्टेव्हियस पालथा पडून बेशुद्ध आहे, शल्यचिकित्सक भुजा कापण्यासाठी करवत हाती घेतात, आणि भुजा जाग्या होतात. एरवी डॅनी एल्फमन यांच्या संगीताने भरलेल्या या चित्रपटात इथे संगीत थांबते. उरतात किंकाळ्या, धातूचे खणखणाट, भिंतीवर धावणाऱ्या सावल्या. काही क्षण आपण भुजेच्याच नजरेने माणसांवर झेपावतो. एका स्त्रीला ओढून नेले जाते, तेव्हा तिची नखे जमिनीवर ओरखडे काढत जातात, आणि तो आवाज तिच्या ओरडण्यापेक्षा अधिक भिववतो. १९८१ च्या ‘द ईव्हिल डेड’पासून भयपट करत आलेल्या दिग्दर्शकाचा हात इथे स्पष्ट दिसतो. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे दृश्य. ऑक्टेव्हियस शुद्धीवर येतो, भोवतालचा संहार पाहतो आणि आक्रोश करतो. हत्या त्याच्या शरीराला जडलेल्या यंत्राने केली आहे आणि तो स्वतः त्या हत्येचा पहिला साक्षीदार आहे. त्याच्याविषयीची भीती आणि कणव एकाच प्रसंगातून मनात येतात, म्हणून ती पुढे वेगळी करता येत नाहीत.

आपण तंत्राविषयी लिहिले आहे, त्यात तथ्य आहे. पहिल्या चित्रपटात छपरांवरून उड्या मारणारी संगणकीय आकृती आज हलकी, वजन नसलेली वाटते. परंतु ऑक्टेव्हियसच्या भुजा अजून खऱ्या वाटतात, कारण अनेक दृश्यांत त्या खरोखरच होत्या. कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे त्या चालवण्यासाठी कलाकारांचा वेगळा संच होता आणि ऑक्टेव्हियस साकारणाऱ्या आल्फ्रेड मोलिना यांनी चारही भुजांना लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो अशी नावे ठेवली होती. त्या एखाद्या पाळीव पण बिथरलेल्या प्राण्यांसारख्या त्याच्या खांद्यावरून डोकावतात, त्याच्याशी सल्लामसलत करतात. समोर काहीतरी प्रत्यक्ष असल्याशिवाय नटाच्या नजरेत ती ओळख येत नाही. या चित्रपटाला दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले ते योग्यच होते.

तिसऱ्या चित्रपटाच्या बाबतीत मात्र आठवणींचा गोडवा जरा जपून घ्यावा. फ्लिंट मार्को या चोराचा वाळूचा माणूस, म्हणजे सँडमॅन, होतो, ते जन्माचे दृश्य मी या मालिकेतील सर्वोत्तम दृश्यांत धरतो. वाळूचे कण एकेक करून हलू लागतात, त्यांतून माणसाचा आकार उठू पाहतो आणि ढासळतो. समोर मुलीचा फोटो असलेले लॉकेट पडलेले असते, त्याकडे तो हात नेतो आणि हातच विरून जातो. जवळपास शब्दाविना, क्रिस्टोफर यंग यांच्या संगीतावर, आजारी मुलीसाठी चोरी करणाऱ्या एका बापाची सगळी ओढ तेथे दिसते. थॉमस हेडन चर्च यांनी फ्लिंट मार्कोचा थकवा सुरेख पकडला होता. पण त्यालाच पीटरला वाढवणाऱ्या बेन काकांचा मारेकरी ठरवण्याची युक्ती अनावश्यक होती. पहिल्या चित्रपटात पीटरने चोराला जाऊ दिले आणि त्याचे फळ त्याला भोगावे लागले, या साध्या गोष्टीची धार त्यामुळे बोथट झाली. त्यात हॅरीचा सूड आणि निर्माते अवी अराड यांच्या आग्रहामुळे आलेला व्हेनम हा आणखी एक खलनायक, अशी गर्दी झाली. व्हेनम होणाऱ्या, टोफर ग्रेस यांच्या एडी ब्रॉकला पुरेसा वेळच मिळाला नाही. आणखी एक दोष तिन्ही चित्रपटांत आहे आणि चाहते तो सहसा बोलून दाखवत नाहीत: प्रत्येक शेवटी पीटरच्या प्रेयसीला, मेरी जेनला, पळवून नेले जाते आणि पीटरने तिला सोडवायचे असते. इतके विचारपूर्वक घडवलेले खलनायक शेवटी त्याच एका डावावर येतात, हे मला आजही खटकते.

तरीही त्यांचे शेवट लक्षात राहतात. मरताना नॉर्मनची एकच विनंती असते की हॅरीला सांगू नकोस. पीटर ती पाळतो आणि त्या एका मौनाची किंमत दोघे मित्र पुढचे दोन चित्रपट मोजत राहतात. ऑक्टेव्हियसला पीटर त्याचेच जुने शब्द ऐकवतो, तेव्हा तो चिप नसतानाही भुजांना स्वतःच्या हुकमात आणतो आणि राक्षस म्हणून मरायचे नाही, असे ठरवून यंत्रासह नदीत उतरतो. मार्को क्षमा मागत नाही, फक्त समजून घे म्हणतो, तरी पीटर क्षमा करतो आणि तो वाळू होऊन निघून जातो. पीटरपुढे जबाबदारीचा जो प्रश्न आहे तोच या तिघांपुढेही आहे. प्रत्येकाचे उत्तर निराळे येते.

रायमी यांचा चौथा चित्रपट जानेवारी २०१० मध्ये रद्द झाला आणि २०१२ मध्ये नव्या नटांसह कथा पहिल्यापासून सुरू झाली. मालिका अशी मध्येच थांबल्यामुळे चाहत्यांची ओढ अधिक तीव्र झाली, हे निश्चित. ‘नो वे होम’ने तिला वाट करून दिली आणि डफो यांनी त्या संधीचे सोने केले, त्यांचा नॉर्मन तिथे २००२ पेक्षाही अधिक भयावह आहे. सँडमॅनच्या वाट्याला फारसे काही आले नाही. ऑक्टेव्हियसच्या बाबतीत माझे मन दुभंगलेले आहे. रायमी यांच्या चित्रपटांतला जुना पीटर समोर येतो, तो कसा आहे असे ऑक्टेव्हियस विचारतो आणि उत्तर तेच मिळते की सुधारण्याचा प्रयत्न चालू आहे, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. परंतु २००४ मध्ये जे त्याने स्वतःच्या इच्छाशक्तीने मिळवले होते, ते इथे दुसऱ्यांनी बळजबरीने बसवलेल्या नव्या चिपमुळे मिळते, आणि ही तडजोड मला मोठी वाटते.

आपण तो चित्रपट आधी पाहिल्यामुळे आपल्या मनात ऑक्टेव्हियसची पहिली ओळख ‘बरा झालेला रुग्ण’ अशी झाली असणार. म्हणून माझी सूचना अशी की फक्त २००४ चा चित्रपट काही दिवसांनी पुन्हा पाहावा आणि तोही मूळ प्रदर्शित आवृत्तीत. २००७ मध्ये आलेल्या वाढीव आवृत्तीत सुमारे आठ मिनिटांची भर आहे आणि तिच्यामुळे मूळची घट्ट वीण सैल पडते. जेवणाच्या प्रसंगातील ऑक्टेव्हियसचे हसणे आणि रोझीकडे पाहणे नीट लक्षात ठेवून मग रुग्णालयाच्या प्रसंगाकडे यावे. त्यानंतर आपले मत काय होते, ते येथे अवश्य लिहावे. मला ते वाचायला आवडेल, ते माझ्या मताच्या विरुद्ध असले तरीही.