कडुनिंबावर चढली ती गुळवेलच का?

फुलेवाडीत घरामागच्या कडुनिंबावर वेल चढलीय. पानं बदामाच्या आकाराची. गुळवेलच ना?

पानावरून ठरवू नका, तशी पानं बऱ्याच वेलींना असतात. बोटाएवढं खोड घेऊन वरची कागदासारखी साल नखाने सोला. आत हिरवंगार लागलं पाहिजे. आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. वरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबत असतात. पान दोन्हीकडून गुळगुळीत हवं. खालून मखमली लागलं तर ती तिचीच भावकी, पण वेगळी. खोडभर उठावदार गाठी असतील तर ती टिनोस्पोरा क्रिस्पा, तिला हात लावू नका. आणि कडुनिंबावरची वेल वैद्य पूर्वापार श्रेष्ठ मानत आलेत हे खरं, पण झाड कडुनिंबाचं म्हणून वेल गुळवेलच, असं होत नाही.

कोविडपासून घरात सगळे रोज सकाळी काढा घेतो. चालू ठेवावा?

नको. जुन्या तापात, तोंडाची चव गेली असताना वैद्य काही दिवस गुळवेल देतात. वर्षानुवर्षं चहासारखी पिण्याची ती वस्तू नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्यांची. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वेल नीट ओळखली होती का असं विचारलं. वाद काही असो, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली की काढा त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर जास्त उतरू शकते. संधिवातासारख्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी स्वतःच्या मनाने घेऊच नये.

दुकानातलं सत्त्व अजिबात कडू नाही. भेसळ असेल? आयोडीनने कळेल?

कडू नसणं हा दोष नव्हे. खोड ठेचून पाण्यात भिजवतात, गाळतात, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. तो बहुतांशी स्टार्चच. कडूपणा बराचसा वरच्या पाण्याबरोबर ओतला जातो. आयोडीनने ते निळं होईल, पण मक्याचं पीठही तसंच निळं होतं. किलोभर खोडातून सत्त्व थोडंच निघतं, म्हणून फार स्वस्त मिळालं तर मी घेणार नाही.

दाजीपूरच्या जंगलातून आणली तर?

अभयारण्य आहे ते! बांधावरच्या वेलीचा दोन-तीन डोळ्यांचा तुकडा मृगात कुंपणाशी खोचा, लागतो.