क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि पैलवानाचं वजन

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. शिवाजी पेठेतल्या तालमीत राहून मॅटवर ७४ किलो गटात कुस्ती करतो. मित्रांचं बघून क्रिएटिन सुरू केलं, दिवसातून तीनदा, दर वेळी दोन चमचे शिगोशीग, थंडाईत घालून. आठवड्यात दीड किलो वजन वाढलं, जुलाब लागले. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.४. किडनीवर परिणाम झाला का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : एवढ्या एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. क्रिएटिन म्हणजे स्नायूंना झटपट ताकद पुरवणारा, शरीरात असतोच असा पदार्थ; क्रिएटिनिन हा त्यातून उरणारा टाकाऊ पदार्थ, तो किडनी बाहेर टाकते, म्हणून किडनीसाठी तो तपासतात. शरीरातल्या क्रिएटिनपैकी एक-दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जातं. साठा वाढवला की आकडाही थोडा वर सरकतो. त्यातून पैलवानाचे स्नायू जास्त, आदल्या दिवशी मटणाचं ताट आणि सकाळी जोर-बैठका झालेल्या असतील तर तो आणखी वर जातो. पण गृहीत धरून गप्प बसू नका. पावडर दोन आठवडे बंद ठेवा, तपासणीआधी दोन दिवस जड मेहनत नको, आदल्या दिवशी मटण नको, मग क्रिएटिनिन पुन्हा बघा. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि शक्य असेल तर सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी करून घ्या. सिस्टॅटिन-सीवर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. तरीही आकडा चढाच राहिला, लघवीत प्रथिनं सापडली किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर किडनीतज्ज्ञांना दाखवा आणि डबा परत उघडू नका. अंग प्रचंड दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती स्नायू फुटल्याची खूण असते.

जुलाबांचं कारण मात्र उघड आहे. शिगोशीग दोन चमचे म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, दिवसाचे ३०! न विरघळलेली पावडर आतड्यात पाणी ओढून घेते. गार थंडाईत ती नीट विरघळत नाही, तळाशी गाळ बसतो. रोज एकदाच ३ ते ५ ग्रॅम पुरे, डब्यातल्या मापाने सपाट करून, पेलाभर कोमट पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. कालवून रात्रभर ठेवू नये. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅमचा मारा करायची प्रथा आहे, पण रोज ३ ग्रॅमनेही महिन्याभरात स्नायूंतला क्रिएटिनचा साठा तेवढाच भरतो. किलोभर कच्च्या मटणात साधारण ४-५ ग्रॅम असतं, दुधात जवळपास नाहीच.

वाढलेलं दीड किलो बहुतेक पाणी आहे, स्नायूंत साठलेलं. आम्हाला खरी काळजी याचीच वाटते, कारण ७४ च्या काट्यावर ते उतरवायला पोरं प्लास्टिकचे कपडे घालून पळतात, पाणी तोडतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर सहा आठवड्यांच्या आत दगावले. संशय आधी क्रिएटिनवर गेला. चौकशीत निघालं ते घाम गाळून घाईघाईने वजन उतरवणं. स्पर्धा तोंडावर असताना क्रिएटिन सुरू करूच नये. अंगदुखीच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेत असेल तर तेही थांबवा, किडनीला त्यांचा धोका जास्त आहे.

क्रिएटिन स्वतः उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहेत. सुट्या पिशवीतली पावडर मात्र घेऊ नका : त्यात स्टेरॉइड मिसळलेलं निघालं तर शिक्षा पैलवानालाच होते, दुकानदाराला नव्हे. सील शाबूत, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आणि घटकांत फक्त क्रिएटिन मोनोहायड्रेट, एवढं बघून घ्या. व्यायामाआधी घ्यायच्या ‘प्री-वर्कआउट’ मिश्रणात कॅफिनही असतं, ते वेगळं प्रकरण.

प्रश्न : भाचा १४ वर्षांचा आहे, भावाच्या डब्यातलं चोरून घेतो. चालेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. १८ च्या आत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. दूध, अंडी, डाळ, झोप यावर त्या वयात भरपूर ताकद येते. डबा कुलपात ठेवायला भावाला सांगा.