वारसा दिन नंतर, आधी देवळाचं बघा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात चार-पाच जुने वाडे, लाकडी सभामंडपाचं एक देऊळ आणि ब्रिटिश अमदानीतली कौलारू शाळा अजून उभी आहे. युवक मंडळाला १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन दणक्यात करायचाय, आणि त्याच स्टेजवरून या सगळ्यांना सरकारी संरक्षण मागायचंय. सुरुवात कुठून करावी?

देवळापासून करा, आणि १८ एप्रिलची वाट बघू नका. कारण तुम्ही शेवटी जाता जाता एक वाक्य लिहून गेलाय, की दोन वर्षांनी गावची महालक्ष्मी यात्रा आहे. तुमच्या सगळ्या मजकुरात मला महत्त्वाचं तेच वाटलं.

आपल्याकडे यात्रा म्हणजे काय, हे बेळगाव-खानापूरच्या माणसाला सांगायला नको. कुठे पाच वर्षांनी, कुठे बारा, कुठे त्याहूनही उशिरा. घरटी पाहुणे, माहेरवाशिणी, जेवणावळी. म्हणून दोन वर्षं आधीपासून गावभर बांधकाम निघतं. सोप्याच्या जागी स्लॅब पडतो, लाकडी खांब विकले जातात, दारात फरशी येते. त्यातच पंच कमिटी ठरवते की देवळाचाही जीर्णोद्धार करूया. वर्गणी बसते, गोवा-पुणे-मुंबईला असलेले गावकरी हात सैल सोडतात, आमदार फंडासाठी अर्ज जातो. आणि दीडशे-दोनशे वर्षं पाऊस झेललेला सभामंडप एका आठवड्यात जेसीबीनं साफ होतो. आमच्या भागात पैसा नाही म्हणून पडलेल्या इमारतींपेक्षा पैसा आला म्हणून पाडलेल्या जास्त आहेत. मी स्वतः बांधकामाची कामं घेतो, माझं पोट सिमेंटवर चाललंय, तेव्हा हे सिमेंटच्या रागातून म्हणत नाही.

पंचांशी बोलताना ‘वारसा’ हा शब्द काढूच नका. तो शब्द आला की ‘ही पोरं काम अडवायला आलीत’ असं म्हाताऱ्यांना वाटतं, आणि तुमचं पुढचं कुणी ऐकत नाही. यात्रेला देऊळ नेटकं दिसावं ही त्यांची इच्छा रास्तच आहे. तुम्ही एवढंच म्हणा, की पाडायच्या आधी एकदा वर चढून बघूया. आढं, तुळया, वासे यातलं नेमकं काय कुजलंय, ते जाणता सुतार खिळा टोचून सांगतो. बहुतेक वेळा वाशांची टोकं कुजलेली असतात, भिंतीत गेलेला भाग ओला असतो, आणि मधलं लाकूड खणखणीत असतं. टोक कापून नवा तुकडा जोडता येतो. याला पाडून बांधण्याच्या मानानं किरकोळ पैसे लागतात, आणि उरलेली वर्गणी भक्त निवासाला, संडासांना, पाण्याच्या टाकीला जाते. यात्रेत अडचण होते ती तिथेच.

तरी कुणी ऐकेना, तर एका रविवारी टेम्पो करून पंचांना हलशीला न्या. तुमच्याच तालुक्यात आहे. कदंब राजांची ही दुसरी राजधानी, आणि भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे एकमेकांकडे तोंड करून आहेत. वेळ असला तर तसंच पुढे कित्तूरजवळच्या देगावला. तिथलं कमलनारायणाचं देऊळ बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडीच्या राणी कमलादेवीनं बांधवलेलं. छतातली दगडी कमळं मान दुखेस्तोवर बघत राहावीत अशी. भाषण करू नका. पंचांतल्या एखाद्या अण्णांच्या तोंडून आपणहून येतं, ‘आपल्याकडचे खांब पण काय वाईट नाहीत की!’ तेवढं पुरे.

आता जरा कामाचं. जुन्या भिंती तुमच्याकडे बहुतेक जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या असणार, सांधे माती-चुन्याचे. अशी भिंत ओल घेते आणि सोडतेही. तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर थापलं की रेनकोटच्या आत घाम साचावा तशी ओल आत कोंडते. दोन-तीन पावसाळे भिंत चकाचक दिसते, मग खालून फुगते आणि लाद्या सुटाव्यात तसं प्लास्टर सुटतं. दोष मात्र भिंतीला मिळतो, ‘जुनीच होती, जाणारच’. त्यामुळे सांधे भरायला चुनाच वापरा. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरू द्यायचा, त्यात वाळू आणि विटांची सुरकी, म्हणजे भुकटी. जुने गवंडी गुळाचं, बेलफळाचं, हिरड्याचं पाणीही घालत. अजून जाणते गवंडी सापडतात, पण घाईच्या कामाला ते येणार नाहीत, त्यांना आधी विचारा.

दगडी खांबांना आणि मूर्तींना ऑइल पेंट लावू नका. आधीच लावलेला असला तर ॲसिडनं किंवा वाळूच्या माऱ्यानं काढू नका, दगडाचा वरचा थर आणि त्यावरचं कोरीव काम दोन्ही जातं. भिंतीवर उगवलेलं पिंपळाचं रोप उपटलं तर सोबत चार दगड येतात. बुंध्याशी कापायचं, मुळं वाळवायची, मगच सांधा भरायचा. आणि हे सगळं फक्त असंरक्षित इमारतींपुरतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूवर श्रमदानाच्या उत्साहात खुरपंसुद्धा चालवू नका. आधी खात्याला लिहा आणि त्यांचा माणूस समोर असतानाच झाडू हातात घ्या.

यावरून सरकारी संरक्षणाकडे येतो. मंडळाच्या मुलांना तो पुरस्कार वाटतोय. प्रत्यक्षात राष्ट्रीय संरक्षित स्मारक झालं की १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे भोवतालच्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीला, म्हणजे तिथल्या जैन मंदिराला, हे शोभतं. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये ती बांधवली, तिची योग्यताच तेवढी आहे. पण गल्लीतल्या वाड्याला हे लागू झालं तर शेजारची शंभर घरं तुमची वैरी होतील. आणि खातं काही दारात येऊन उभं राहत नाही, त्यांच्याकडे आधीच असलेल्या वास्तूंना माणसं पुरत नाहीत. कर्नाटकच्या १९६१ च्या नगर नियोजन कायद्यात नियोजन प्राधिकरणानं वारसा इमारत जाहीर करण्याची सोय आहे. बेळगाव शहरात असता तर बुडाकडे, म्हणजे तिथल्या नगरविकास प्राधिकरणाकडे जा म्हटलं असतं. तुमच्या गावासाठी तूर्तास ग्रामसभेचा ठराव जास्त उपयोगाचा, कारण तो मोडणारा माणूस रोज समोर भेटतो.

वाड्यांचं प्रकरण नाजूक. उताऱ्यावर दहा नावं, त्यातली सहा बाहेरगावी, दोघांचं आपसात बोलणं बंद. अशा घरापुढे कॅमेरे घेऊन पोरं उभी राहिली की मालकाच्या मनात पहिला विचार येतो, सरकार घर घेणार. काही मालकांनी याच भीतीनं घाईनं वाडे पाडलेत. म्हणून आधी घरातल्या थोरल्या आक्कांकडे जा, तेही फोन खिशात ठेवून. कुठल्या खोलीत बाळंतपणं व्हायची, तळघरात काय ठेवायचे, कडीपाटाचं लाकूड कुठल्या रानातनं आलं, हे त्यांनाच माहीत असतं. त्यांनी होय म्हटल्यावर मोजमाप घ्या. टेप, वही आणि साधा नकाशा पुरतो. पुढे वाडा गेलाच तरी नकाशा, फोटो आणि आक्कांचं बोलणं राहतं. जुन्या उल्लेखांसाठी १८८४ मध्ये निघालेला बॉम्बे गॅझेटियरचा बेळगावचा २१ वा खंड चाळा. गावाबद्दल चार ओळी सापडल्या तरी पंचांवर त्याचा परिणाम होतो.

शाळेची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तिला मालक नाही. पटसंख्या घटली की मागच्या खोल्यांना कुलूप लागतं. कुलूप लागलेल्या खोलीची कौलं कुणी परतत नाही, मग पाणी उतरतं, आणि एक दिवस इंजिनियर येऊन कंडम ठरवून जातो. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या बैठकीत मागणी संरक्षणाची करू नका, वापराची करा. संध्याकाळी अभ्यासिका, महिला मंडळाची भिशी, भजनी मंडळाची तालीम, काहीही. बेळगावात बघा, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विजयनगर नावाचं अख्खं तात्पुरतं शहर उभं राहिलं होतं. मंडप, तंबू, कमानी सगळं गेलं, पाण्यासाठी खोदलेली विहीर राहिली. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे आणि मग किल्ल्यात हरिपद मित्रांच्या घरी उतरले होते. किल्ल्यातलं ते घर आज धड आहे, कारण रामकृष्ण मिशनची माणसं तिथे रोज दिवा लावतात, झाडतात, गळकं कौल बदलतात. विवेकानंद प्रत्येक गावात कुठून आणायचे, पण झाडायला माणूस ठेवता येतो.

साजरं करायला माझी ना नाही, फक्त नवी संस्था काढू नका. गल्लीचे पंच आहेत, गणेशोत्सव मंडळ आहे, दुर्गामाता दौडीला पहाटे उठणारी पोरं आहेत. मुख्य म्हणजे दिवाळीचे किल्ले आहेत. बेळगावकडची मुलं गोणपाट, माती आणि दगडांतून काय काय उभं करतात, ते बघायला रात्री लोक गल्लोगल्ली फिरतात. रायगड, प्रतापगड दरवर्षी होतात. यंदा एक बक्षीस ‘आपल्या गावातली जुनी इमारत’ यासाठी ठेवा. महिनाभर ती पोरं त्या वाड्याच्या चौकटी मोजत बसतील, आणि मालकालाही आपल्या घराकडे नव्यानं बघावं लागेल.

फलक लावाल तर कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा. कुठली वर आणि कुठली खाली यावरून सभा मोडू देऊ नका, गळणाऱ्या छपराला त्यातलं काही कळत नाही. सरकारी अर्ज सरळ कन्नडमध्ये लिहा, तुमच्या मंडळात लिहिणारं कुणी ना कुणी असेलच. त्यानं कागद लवकर हलतो, आणि कन्नड बोलणारे शेजारीही सोबत येतात. ती इमारत त्यांचीही आहे. पुढाऱ्यांना मात्र जपून बोलवा. बेळगावजवळच्या राजहंसगडावर मार्च २०२३ मध्ये एकाच शिवपुतळ्याचं अनावरण चार दिवसांत दोनदा झालं, आपण सगळ्यांनी बघितलंय. पन्हाळीचं अनावरण करायला अजून कुणी आलेलं नाही, म्हणून ती आपणच बसवायची.

पहिलं काम ठरवून ठेवा: देवळाची आणि शाळेची कौलं. खानापूर भागातले कौलांचे कारखाने एकेक करून बंद पडतायत, म्हणून जुन्या मापाची कौलं कुणाच्या परसात रचून ठेवली असली तर आत्ताच मागून घ्या. पाडलेल्या घरांची चांगली कौलं भंगाराच्या भावानं मिळतात. आणि माणसं मार्चमध्येच सांगून ठेवा. मे उजाडला की सगळ्या गावाला एकदमच छपराची आठवण होते, आणि मग वर चढणारा माणूस मिळत नाही.