"माझं मेलाटोनिन संपलंय हो!"

"मॅडम, माझ्या शरीरात मेलाटोनिन बनायचंच बंद झालंय. रक्तातली लेव्हल कुठे तपासून मिळेल तेवढं सांगा."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच गृहस्थांनी हे सांगून टाकलं. मेलाटोनिन म्हणजे रात्री शरीरात वाढणारं संप्रेरक (हार्मोन); झोप यावी म्हणून त्याच्या गोळ्याही घेतल्या जातात. वय ५२, काम हिशेब तपासण्याचं, काखेत एक लांबट वही. वहीत गेल्या चार महिन्यांच्या रात्री रकाने पाडून मांडलेल्या. एका रात्रीची नोंद अशी: गोळी ९:३०. जाग १:४०. घड्याळ पाहिलं २:१७. अर्धी गोळी आणखी. पुन्हा पाहिलं ३:०५. खाली लाल शाईत एकूण झोप, तीही मिनिटांत. इतक्या चोख हिशेबात कोणाला झोप लागेल, असं मनात आलं, पण बोलले नाही.

सुरुवात मेलाटोनिनच्या तीन मिलिग्रॅमच्या गोळीने झाली होती, मित्राच्या सांगण्यावरून. मग पाच, मग दहा. पहिले काही दिवस गुण आला, नंतर येईना. एवढी गोळी घेऊनही डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणजे आपलं शरीर निकामी झालं, आणि गोळी थांबवली तर मुळीच झोप येणार नाही, ही त्यांची भीती. "मेलाटोनिन संपलं" ही तक्रार माझ्याकडे हल्ली बरेच जण घेऊन येतात.

रक्ततपासणीचं आधी निकालात काढलं. दिवसा हे संप्रेरक सगळ्यांच्याच रक्तात नगण्य असतं. ते वाढतं संध्याकाळ सरल्यावर, नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधीपासून, आणि मध्यरात्रीनंतर शिखर गाठून पहाटे ओसरतं. सकाळी दिलेल्या रक्तातून रात्रीचं काय कळणार? वयाबरोबर त्याचं प्रमाण उतरतं हे खरं, पण उतरणं वेगळं आणि आटणं वेगळं.

मग मी त्यांना उंदरांचं सांगितलं. उंदीर रात्रभर जागा असतो, धावतो, कुरतडतो. तरी त्याच्याही शरीरात मेलाटोनिन रात्रीच वाढतं. ते झोपेचं औषध असतं तर उंदीर रात्री घोरत पडला असता. मेलाटोनिन म्हणजे अंधार पडल्याची वर्दी. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी उजेड मोजतात, त्यातही निळसर उजेड त्यांना चटकन जाणवतो. ती खबर मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जाते आणि उजेड सरला की घड्याळाच्या हुकमावर मेंदूतलीच पिनियल ही छोटी ग्रंथी मेलाटोनिन सोडते. १९५८ साली आरन लर्नर यांनी ते गुरांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं केलं. गंमत म्हणजे लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होते आणि शोध चालला होता त्वचेच्या रंगाचा. झोप त्यांच्या डोक्यातही नव्हती.

"मग गोळी खोटी?" त्यांचा आवाज चढला.

खोटी नाही. दूरच्या विमानप्रवासानंतर किंवा झोपेची वेळच पुढे सरकलेल्यांना ती योग्य वेळी दिली तर उपयोगी पडते. पण जुनाट निद्रानाशात तिचं बळ तोकडं. १९ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ मध्ये निघाला, त्यात झोप सरासरी सातेक मिनिटं लवकर लागल्याचं दिसलं. सात मिनिटं! ते वहीकडे बघत राहिले. दहा मिलिग्रॅमचं म्हणाल तर शरीर स्वतः रात्रभरात एका मिलिग्रॅमचा बारीकसा अंशच तयार करतं. त्यात डब्यावर लिहिलेलं आत असेलच असंही नाही. २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली तेव्हा काहींत लिहिल्यापेक्षा ८३ टक्क्यांपर्यंत कमी, तर एकात ४७८ टक्के जास्त निघालं. रात्री दोनला घेतलेली अर्धी गोळी तर घड्याळाला चुकीच्या वेळी वर्दी देत होती. सकाळी डोकं जड असायचं, तेही बहुधा त्यामुळेच.

खरा घोटाळा त्यांच्याच वहीत सापडला. साडेनऊला अंथरुणात, उठणं आठला. साडेदहा तास गादीवर आणि झोप जेमतेम सहा तास. उरलेले साडेचार तास कूस बदलणं, मोबाइल, घड्याळ. गादी ही तळमळायची जागा, असं मेंदूने पक्कं करून टाकलं होतं.

आधी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. रक्त पातळ करणारी औषधं, फ्लुवोक्सामिनसारखी नैराश्यावरची गोळी चालू असेल तर मेलाटोनिन जपून घ्यावं लागतं, आणि घोरताना श्वास अडत असेल तर रस्ताच वेगळा. तसं काही निघालं नाही. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत नेली. मी वेळ बांधून दिली: साडेबाराच्या आधी गादीला पाठ लावायची नाही, पावणेसातला उठायचं, रविवारीही. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात. आणि भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवायचं. (हे घरच्या घरी करून बघू नका, विशेषतः फिट येत असतील, बायपोलर आजार असेल किंवा गाडी चालवणं हेच काम असेल तर.)

पहिला आठवडा वाईट गेला. फोनवर ते माझ्यावर चिडलेच. "गोळी काढली, वर झोपूही देत नाही तुम्ही!" चिडणं रास्त होतं. दिवसभर पेंगत होते. पण तीच पेंग रात्री कामाला येते. दिवसभर साठलेला थकवा दुपारच्या डुलकीत खर्चून टाकायचा नाही, एवढंच मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात साडेबाराला पडले की झोप लागू लागली. मग वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. मध्ये दोन रात्री पुन्हा बिघडल्या, कार्यालयात तपासणी होती.

दोन महिन्यांनी आले ते हात हलवत. वहीचं विचारलं तर म्हणाले, "ती मुलीने गणितं सोडवायला घेतली." मग जरा पुढे वाकून, हळू आवाजात: "मॅडम, सोळाची आहे. एक वाजेपर्यंत जागीच असते. तिचं तर संपलं नसेल ना?"

नाही, म्हटलं. त्या वयात वर्दीच उशिरा येते. तिला एकदा घेऊन या, आणि तोवर गोळी देऊ नका.