व्याकरणात पैकीच्या पैकी, मग उताऱ्यात का अडतं?

ताई, नमस्कार.

तुमची लेक नववीत, मराठी माध्यमात. तिला एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचंय. इंग्रजीच्या चाचणीत व्याकरणाला पैकीच्या पैकी गुण पडतात, पण पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला निम्मेही नाहीत. क्लासचे सर ग्रामरचा आणखी एक कोर्स लावायला सांगतात. तो लावावा का, आणि मला इंग्रजी येत नाही तर मी काय करू, असं तुम्ही विचारलंय.

कोर्स लावू नका. नियम तिला येतात. वाचताना ते वापरायची सवय मात्र कुणी लावलेली नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण वाक्य संपायची वाट बघत वाचतो. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येतं आणि उरलेला पसारा पुढे चालत राहतो. शेवटाला पोचेपर्यंत मुलांच्या हातून सुरुवात निसटते.

विरामचिन्हांचंही तसंच. तिला एक वाक्य लिहायला सांगा: 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज अ ड्रायव्हर.' असं सलग लिहिलं तर भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतल्या पुण्याच्या भावाबद्दल बोलणं चाललंय. 'ब्रदर' आणि 'पुणे' यांच्यानंतर स्वल्पविराम दिले की भाऊ एकच! 'पुण्याला राहणारा माझा भाऊ' या मराठीत हा फरक दिसतच नाही, त्यामुळे आपल्या मुलांची नजर त्या दोन चिन्हांवरून घसरते. (मराठीतली विरामचिन्हंही एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीवरूनच रुळवली.) 'ती म्हणाली की मी येते' यातला 'मी' इंग्रजीत जसाच्या तसा ठेवला, तर येणारी व्यक्तीच बदलते.

एनडीएच्या लेखी परीक्षेच्या 900 गुणांपैकी 200 इंग्रजीचे, आणि चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात. शिवाय गणित, विज्ञान, भूगोलाचे प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत. म्हणजे वाचता येणं सगळ्याच पेपरला लागणार. 2021 पासून मुलींना ही परीक्षा खुली झाली आहे, आणि तिच्या हातात अजून तीनेक वर्षं आहेत. वेळ भरपूर आहे.

बालभारतीच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाची पुस्तकं फुकट मिळतात. सातवीचं विज्ञान घ्या. विषय तिने मराठीत शिकलेला आहे, त्यामुळे शब्द अडला तरी अर्थ लागतो. रोज एकच परिच्छेद. आधी मोठ्याने, चिन्ह आलं की थांबून. मग प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ आणि ते कुणाचं, याची खूण. शब्दकोश सगळ्यात शेवटी. दर शब्दाला थांबणारी मुलं उतारा कधीच संपवत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत फार पाहिलंय. महिनाभर प्रश्न सोडवायला लावूच नका.

तुमचं काम इथे आहे, आणि ते क्लासपेक्षा मोठं आहे. भाकरी थापताना तिला समोर बसवा आणि वाचलेलं मराठीत सांगायला लावा. ती गडबडली की एवढंच विचारा, 'हे कुठे लिहिलंय, दाखव.' तिने बोट ठेवलं त्या ओळीवर की तिला समजलंय. बोट फिरत राहिलं, तर तोच परिच्छेद उद्या पुन्हा.

दिवाळीनंतर मला पुन्हा लिहा. तिच्या वहीचे दोन-तीन फोटोही पाठवा.