हेलोमध्ये पळण्याचं एक बटण दिलं, तर जुने खेळाडू एवढे का भडकतात?

तुमचा प्रश्न असा आहे: 'हेलो' या बंदुकीच्या व्हिडिओ गेमचा 2001 सालचा पहिला भाग नव्याने बनवतायत, त्यात स्प्रिंट दिलंय, नको असेल तर सेटिंगमधून बंदही करता येतं, मग जुन्या लोकांचं नेमकं दुखतंय कुठे? पळायचं एक बटणच तर आहे.

मी त्या दुखणाऱ्यांपैकीच एक, म्हणजे हे उत्तर तटस्थ वगैरे नाही, हे आधीच सांगतो.

2004च्या आसपास नायगावात आमच्या चाळीजवळ एक सायबर कॅफे होता. तासाला 20 रुपये, सहा मशीन, त्यातल्या एकाचा माउस कायम चिकट. हेलो मूळचा ज्यावर आला तो एक्सबॉक्स आमच्यापैकी कुणी डोळ्यांनीही पाहिला नव्हता. पण 2003मध्ये हेलो पीसीवर आला होता आणि त्याचा फुकट डेमो कॅफेवाल्याने सगळ्या मशीनवर टाकून ठेवला होता. डेमोत मोहिमेतली, म्हणजे गेमच्या कथेतली एकच लेव्हल, 'सायलेंट कार्टोग्राफर', आणि लॅनवर, म्हणजे जोडलेल्या मशीनवर एकमेकांविरुद्ध, खेळायला एकच मॅप, 'ब्लड गल्च'. पूर्ण गेम विकत घ्यायची ऐपत नव्हती, त्यामुळे तो एक मॅप आम्ही वर्षभर कुटला. दोन टोकांना दोन तळ, मधे उघडं मैदान, टेकाडं आणि खडक. मधल्या मैदानात गोळी लागली की पुढचा खडक किती पावलांवर आहे, हे पायांनाच माहीत असायचं. पोचत असाल तर जायचं, नाहीतर वळून भिडायचं. तिसरा मार्ग नव्हता.

सगळं भांडण या तिसऱ्या मार्गाचं आहे.

पहिल्या हेलोत तुमचा एकच वेग आहे. पुढे, मागे, आडवं, कुठेही जा, बंदूक वर आणि गोळी झाडायला तयार. ग्रेनेडला वेगळं बटण, बुक्कीला वेगळं बटण. त्या काळच्या बऱ्याच गेममध्ये ग्रेनेड हे एक हत्यार म्हणून आधी हातात घ्यावं लागायचं. इथे बंदूक न सोडता फेकता यायचा. म्हणजे कुठल्याही क्षणी बंदूक, ग्रेनेड आणि बुक्की तिन्ही तुमच्या हाताशी. मागे सरकतानाही तुम्ही लढतच असता.

स्प्रिंट आलं की बंदूक खाली जाते. आता माणूस एकतर पळतोय, नाहीतर लढतोय. मी तुमचं शील्ड, म्हणजे गोळ्या झेलणारं आणि थोडं थांबलं की आपोआप भरणारं कवच, उतरवलं, तुम्ही हरत आलात, तर कोपऱ्यामागे वळून धूम ठोकायची. मला पाठलाग करायचा तर मलाही बंदूक खाली घालावी लागणार. तेवढ्यात तुमचं शील्ड पुन्हा भरतं. जिंकत आलेली चकमक हातातून जाते. असं एकदा झालं तर हसू येतं, संध्याकाळभर झालं तर कंट्रोलर आपटावासा वाटतो.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आणि सहज न दिसणारी. पळता येतं म्हटल्यावर मॅप ताणावे लागतात, नाहीतर सगळे दोन सेकंदांत एकमेकांच्या अंगावर. हेलो 2मधला 'मिडशिप' हा छोटा, घट्ट मॅप हेलो 5मध्ये 'ट्रुथ' नावाने परत आला, तोही वाढवून. चाहत्यांनी जुना मॅप चालत आणि नवा पळत ओलांडून वेळ लावून पाहिली, तर ती जवळपास सारखीच भरली. म्हणजे बटण दाबून जे मिळवलं ते मॅपने परत काढून घेतलं. वर चालत गेलात तर उशीर, आणि पळत गेलात तर बंदूक खाली. हे कळल्यापासून मला स्प्रिंट म्हणजे वेग असं वाटणंच बंद झालं.

बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. 2010च्या 'हेलो रीच'मध्ये पळणं ही निवडायची एक खास शक्ती होती, ती घेतली तर दुसरी सोडावी लागायची. 2012च्या हेलो 4मध्ये ते सगळ्यांना कायमचं मिळालं. 2015च्या हेलो 5मध्ये नियम केला की पळत असताना शील्ड भरणार नाही. म्हणजे पळून जाणाऱ्यांचा त्रास त्यांनीही मान्य केला, फक्त औषध मुळावर लावलं नाही. 2021च्या 'हेलो इन्फिनिट'मध्ये तर पळणं आणि चालणं यात फरक इतका थोडा ठेवलाय की बटण फक्त बोटाच्या समाधानासाठी आहे की काय, असं वाटतं.

त्याच इन्फिनिटमध्ये ग्रॅपलशॉट आहे. दोर मारायचा आणि लटकत जायचं. स्प्रिंटपेक्षा कितीतरी आधुनिक, तरी माझ्यासारख्या खडूस माणसालाही तो आवडला. कारण मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे एकमेकांविरुद्ध खेळताना, तो मॅपवर एका ठिकाणी पडलेला असतो, त्यासाठी झुंजावं लागतं, आणि तो कुणाकडे आहे हे बाकीच्यांना बघून ठेवता येतं. स्प्रिंट सगळ्यांकडे, सतत. तेव्हा जुन्यांना नवं काहीच नको असतं, हा आरोप मला तरी लागू नाही.

माझे काका नायगावच्या मातीत कबड्डी खेळले. 2014ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून त्यांच्या दोन तक्रारी आहेत. एक, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे. आघाडी घेऊन वेळ काढायची अक्कल कुणी शिकणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरी, मॅट. बुटांना पकड मिळते, चढाईपटू जागच्या जागी वळतो, त्यामुळे घोटा धरायची जी घटका त्यांनी मातीत घोटून घोटून अंगात भिनवली होती ती हुकते. चुलतभाऊ दोन्ही तक्रारींना एकाच वाक्यात उडवतो, "अहो बाबा, नाहीतर बघणार कोण?" मला मात्र या दोन वेगळ्या वाटतात. तिसऱ्या चढाईच्या नियमाने डाव ढिला पडत नाही आणि पकड करणाऱ्यांनाही तो आधीच माहीत असतो. मॅटने पायाखालचं सगळं गणितच बदललं. मॅटला नावं ठेवायची नाहीत मला, गुडघे कमी फुटतात हे काकाही मानतात. पण माझं स्प्रिंटचं दुखणं हे त्यांच्या मॅटच्या दुखण्याच्या जातीचं आहे.

आता दुसरी बाजू, कारण तीही काही पोकळ नाही. भाच्याला मी मास्टर चीफ कलेक्शन या जुन्या हेलोंच्या संग्रहावर पहिला भाग लावून दिला. तो फोनवर शूटर खेळून वाढलेला. पाच मिनिटांत त्याने सगळी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाला, "मामा, याला पळता का येत नाही? आजारी आहे का?" सात फुटी चिलखतवाला मास्टर चीफ, गेमचा नायक, आणि जग संपत आलेलं असताना चालतोय! मला उत्तर सुचलं नाही. 'लायब्ररी' नावाच्या लेव्हलला तर मी भाच्याच्याच बाजूने आहे. सारखेच दिसणारे कॉरिडॉर, सारखीच दारं, फ्लड नावाच्या राक्षसी जीवांचे लोंढे, संपता संपत नाही. तिथे मला कुणी स्प्रिंट काय, रिक्षा दिली असती तरी बसलो असतो.

शिवाय ज्याला आम्ही जुनं म्हणून कवटाळतो, ते 2001 साली नवंच होतं. त्याआधीच्या 'क्वेक' या वेगवान शूटरवर वाढलेल्यांना दोनच बंदुका बाळगायच्या आणि कोपऱ्यात थांबलं की शील्ड आपोआप भरणार, हे पोरखेळ वाटायचं. आमच्या कॅफेतले मोठे मुलगे काउंटर-स्ट्राइक खेळायचे आणि हेलोला 'स्लो मोशन' म्हणून हसायचे. आज मी तेच तोंड करून बसलोय, हे मला दिसतं.

आणि बंद करायचं बटण? एकमेकांविरुद्धचं मल्टिप्लेअर नव्या आवृत्तीत नाहीच, फक्त मोहीम आहे, त्यामुळे माझं निम्मं दुखणं तसंही गैरलागू ठरतं. उरलेलं निम्मं असं: चकमकीची जागा कुठल्या तरी एका वेगासाठी मोजलेली असते. ऑक्टोबर 2025मध्ये नव्या आवृत्तीतली सायलेंट कार्टोग्राफर दाखवली, तेव्हा मूळ गेम बनवणाऱ्यांपैकी जेमी ग्रीसमर यांनी जाहीरपणे नाराजी सांगितली. मुद्दा स्प्रिंटचा नव्हता, वॉर्टहॉग गाडीचा होता. हंटर नावाच्या दोन धिप्पाड शत्रूंना गाडीखाली चिरडता येऊ नये, पायी उतरूनच लढावं लागावं, म्हणून त्यांनी वाटेत मुद्दाम खडक ठेवले होते. नव्यात गाडी थेट आत जाते. ती लेव्हल मी 20 रुपये तासाने शेकडो वेळा खेळलो, आणि ते खडक कुणी विचार करून ठेवलेत हे मला कधी जाणवलंच नव्हतं. वाटायचं, बेट आहे, खडक असणारच.

सेटिंगमधून स्प्रिंट बंद होईल. पण लेव्हल कुठल्या वेगासाठी मोजली, हे कुठल्या सेटिंगमध्ये नसतं.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर आधी मास्टर चीफ कलेक्शनमधली सायलेंट कार्टोग्राफर खेळा, तिथे पळता येतच नाही. हंटरपर्यंत पोचलात की गाडीतून उतरा, पिस्तूल घ्या आणि त्याच्या पाठीवरचा नारिंगी भाग दिसेपर्यंत भोवती फिरा. नेम बसला तर एकच गोळी पुरते. मग नवी आवृत्ती हाती आली की तीच जागा तिच्यात स्प्रिंट चालू ठेवून खेळा. दोन्ही वेळा तुम्ही हंटरकडे किती वेळ बघत होता, तेवढं मोजा.