हस्तलिखितात नुसतं 'गोतिए' लिहिलं असेल, तर ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यावरची ती शोकरचना एनेमों गोतिएची की देनी गोतिएची, म्हणजे सतराव्या शतकातल्या या दोन फ्रेंच ल्यूटवादकांपैकी कोणाची, हे कसं ठरवायचं?

आधी ती रचना ज्याच्या स्मरणार्थ आहे तो माणूस कधी वारला ते पाहा. तो 1651 नंतर गेला असेल, तर रचना एनेमोंची असूच शकत नाही, कारण एनेमों स्वतः 1651 च्या डिसेंबरात वारला. त्याच्या नात्यातला देनी 1672 पर्यंत हयात होता. ब्लांरोशे हा ल्यूटवादक 1652 मध्ये जिन्यावरून पडून गेला. त्याच्यासाठी फ्रोबर्गर आणि लुई कूपरँ या संगीतकारांनी हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यावर, तर द्युफो या ल्यूटवादकाने ल्यूटवर 'तोंबो' (अशा स्मृतिरचनेचं फ्रेंच नाव) रचला. तिथे 'गोतिए' दिसला, तर तो देनीच.

मात्र तारखेने एनेमोंला फक्त बाद करता येतं, रचना त्याचीच आहे हे सिद्ध होत नाही. मेझांजो हा ल्यूटवादक 1638 मध्ये गेला तेव्हा दोघेही गोतिए हयात होते, त्यामुळे त्याच्या तोंबोसाठी ही कसोटी निरुपयोगी. तिथे 'व्यू गोतिए', म्हणजे थोरला गोतिए, असा स्पष्ट उल्लेख कुठल्या प्रतीत आहे हे शोधावं लागतं. हा तोंबो एनेमोंचा मानला जातो. शैलीवरून निवाडा करायचा मोह मी तरी टाळतो, दोघांची धाटणी फार जवळची आहे. शिवाय मूळची साधी आलमांद (एक नृत्यप्रकार) असलेल्या रचनेला नक्कलकाराने मागाहून 'तोंबो' हे शीर्षक जोडलेलं असू शकतं, म्हणून शक्य तितक्या प्रती ताडून पाहा.